इर्शाळवाडी यादीत का नव्हती? दरडींच्या नोंदवहीचा दीडशे वर्षांचा हिशोब

पोस्ट मोठी आहे मंडळी. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकर समाजाची वाडी. साडेदहा-अकराच्या सुमाराला डोंगर वरून आला आणि झोपलेली घरं घेऊन खाली गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. त्याच सुमारास विधिमंडळात सरकारने निवेदन केलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दोन, इथे याआधी दरड कोसळल्याची घटना घडलेली नव्हती.

पहिल्या गोष्टीवरून टीव्हीवर भरपूर भांडण झालं. मला तेव्हापासून दुसरी खटकतेय. घटना घडली नव्हती, की घडलेली कुठे लिहिली गेली नव्हती? सरकारी कागदावर हे दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे रकाना कोराच असतो.

यादी म्हणजे काय हे उल्हासनगरकरांना वेगळं सांगायला नको. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी येते. सी-१ मध्ये नाव आलं की मालक, भाडेकरू, बिल्डर यांची वेगळीच गडबड सुरू होते. नाव नसलं की लोक निर्धास्त, मग स्लॅबच्या सळ्या दिसत असल्या तरी चालेल. पण इमारतीला निदान पत्ता असतो, वॉर्ड असतो, मालमत्ता कराचं बिल असतं. कुठली बिल्डिंग कधीची आणि कुणाची, हे खणून काढता येतं. डोंगराच्या उताराला यातलं काहीच नसतं. तो कुठल्या साली कुठे सुटला हे त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. ती माणसं गेली की तेही गेलं.

आणि हे काही लांबचं प्रकरण नाही. कॅम्प ५ मधून नेवाळी नाक्याकडे निघालात की समोर मलंगगड उभा असतो. त्याच रांगेत पुढे टावली, नवरा-नवरी, चंदेरी, मग पेब, माथेरान. तिथून पलीकडे प्रबळगड आणि इर्शाळगड. सरळ रेषेत बघितलं तर आपल्या कॅम्पपासून इर्शाळवाडी तीसेक किलोमीटर. दगडही तोच, ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक, वर पातळ माती. तिथे तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तेवढा पाऊस आपल्याकडेही होतो, २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही.

आता ही नोंद ठेवण्याची कल्पना आपल्या देशात कुठून आली ते बघू. त्यासाठी थोडं हिमालयात जावं लागेल.

नैनीताल, १८ सप्टेंबर १८८०. इंग्रजांचं लाडकं थंड हवेचं ठिकाण. शनिवारचा दिवस, दोन दिवसांपासून धो धो पाऊस. डोंगराचा एक भाग सुटला. व्हिक्टोरिया हॉटेल, नैनादेवीचं जुनं मंदिर, सभागृह सगळं घेऊन खाली तलावापर्यंत आला. १५१ माणसं गेली, त्यातले ४३ गोरे. (हा १५१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. तो निव्वळ योगायोग आहे, पण अंगावर काटा येतो.)

नैनीतालची खरी गोष्ट मात्र त्या शनिवारच्या आधीची आहे. ज्या अल्मा टेकडीवरून ही दरड आली, तिथेच १८६६ मध्ये एक लहान दरड पडून गेली होती. १८७९ मध्ये, म्हणजे फक्त एक वर्ष आधी, त्याच जागी त्याहून मोठी पडली होती. डोंगराने दोनदा बेल वाजवली होती. १८८० नंतर मात्र सरकार खडबडून जागं झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे आपलं जीएसआय, १८५१ पासून होतंच. पण त्याचा जन्म कोळसा शोधण्यासाठी झालेला. त्याच्या भूवैज्ञानिकांना आता नैनीतालचे उतार तपासायला पाठवलं. उतारावरचं पाणी बाहेर काढायला नाल्यांचं जाळं बांधलं. ते नाले आजही त्या गावाचा जीव धरून आहेत.

दुसरी गोष्ट गढवालमधली. १८९३ च्या सप्टेंबरात बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहना इथे अख्खा डोंगर नदीत बसला. नदी अडली, मागे तलाव भरायला लागला. जीएसआयचा माणूस जाऊन बघून आला. इंजिनिअर लोकांनी मोजमाप केलं, पाणी रोज किती चढतंय ते लिहिलं आणि बांध साधारण कधी फुटेल याचा अंदाज बांधला. गोहनापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची लाईन टाकली. नदीकाठची वस्ती वर हलवली. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. श्रीनगर, म्हणजे गढवालमधलं, जवळजवळ धुऊन निघालं. पण माणसं गेली फक्त पाच. धोक्याच्या जागेतून बाहेर काढल्यावरही परत गेलेलं ते एकच कुटुंब होतं.

१८९४ मध्ये ना सॅटेलाइट, ना मोबाईल. होती एक वही, त्यात रोजचा आकडा, आणि तो आकडा खाली पोचवणारी तार. मला वाटतं दरडींबाबत आपण गेल्या सव्वाशे वर्षांत जे काही करतोय ते याच तीन गोष्टी मोठ्या प्रमाणावर करायचा प्रयत्न आहे, आणि कुठे ना कुठे तरी त्यातली एक निसटते.

पण इंग्रजांची वही सगळ्यांसाठी नव्हती. जिथे त्यांचं हिल स्टेशन, छावणी, रेल्वे, तिथली दरड लिहिली गेली. आपल्या सह्याद्रीत ती रेल्वेने लिहिली. भोर घाटाची लाईन १८६३ ला सुरू झाली, तेव्हापासून पावसाळा आणि दगड हे तिथल्या नोकरीचाच भाग. आजही मध्य रेल्वे पावसाळ्याआधी घाटात ‘बोल्डर स्पेशल’ गाडी चालवते. डोंगर चढणारी टोळी सुटायला आलेले दगड हेरते आणि पाडून घेते. पावसात गस्तीवाले रात्रभर रुळांवरून चालतात. दगड पडला तर किलोमीटरच्या खांबासकट जागा कळवली जाते. कर्जत लाईनवर वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्यांना ‘मंकी हिलला दरड’ ही घोषणा पाठ असेल. कोकण रेल्वेने हाच धडा जीव गमावून घेतला. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांनी गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, महाडजवळ करंजाडीला पुन्हा तसंच. त्यानंतर कोकण रेल्वेची पावसाळ्यातली गस्त, वेगावरची बंधनं, सगळंच कडक झालं.

म्हणजे सह्याद्रीतल्या दरडींची नोंद अजिबातच नाही असं नाही. रुळापासून शंभर मीटरवर पडलेली दरड उत्तम नोंदलेली आहे. रुळापासून पाच किलोमीटरवर ठाकरवाडीच्या वर पडलेली दरड कुठेच नाही.

हे कसं होतं ते जरा सविस्तर बघू, कारण सगळी मेख इथेच आहे.

समजा दरड पडली. रेल्वेवर पडली तर कंट्रोलला फोन जातो, ब्लॉक घेतला जातो, वेळेसकट लिहिलं जातं. हायवेवर पडली तर बांधकाम खात्याचा जेसीबी येतो, पेपरात ‘वाहतूक ठप्प’ म्हणून फोटो येतो. घरावर पडली तर तलाठी पंचनामा करतो आणि तो तहसीलदारांकडे जातो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषात दरड कोसळणे ही मान्य आपत्ती आहे, त्यामुळे मदत मिळते आणि मदतीच्या फाईलमध्ये तारीख राहते. शेतावर आली तरी पंचनामा होऊ शकतो. आणि वाडीच्या वर, वनखात्याच्या जमिनीत, एखाद्या घळीत चार-पाच गुंठ्यांचा तुकडा सुटला, दोन झाडं घेऊन आला आणि ओढ्यात थांबला, तर? कुणी मेलं नाही, गोठा पडला नाही, रस्ता अडला नाही. पंचनामा कशाचा करणार? गावातला माणूस म्हणतो, ‘यंदा वरचा कडा जरा सुटलाय’, आणि गुरं दुसऱ्या बाजूला चारायला नेतो. संपलं.

म्हणजे आपली नोंदवही ही डोंगराची नाहीच. ती नुकसानीची आहे. तिच्यात दरड येते ती तिने कुणाला तरी मारल्यावर किंवा कुणाची तरी गाडी अडवल्यावर. आणि धोका ओळखायला उपयोगी पडते ती नेमकी त्याआधीची, लहान, बिनबोभाट दरड. अल्मा टेकडीवरची १८७९ सालची.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं हे असंच चाललं. एखादी मोठी दुर्घटना झाली की जीएसआयचं पथक जाऊन अहवाल देई, आणि तो अहवाल त्याच्या कपाटात जाई. भाजे गावावर १९८९ च्या जुलैत दरड आली. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडी झोपड्यांवर आली, साठहून जास्त माणसं गेली. प्रत्येक वेळी पाहणी झाली. पण या सगळ्या पाहण्या एका जागी, एकाच नमुन्यात, एकमेकींशी ताडून बघता येतील अशा नव्हत्या. देशपातळीवर खरा धक्का दिला तो १९९८ च्या मालपाने. कैलास-मानसरोवरच्या वाटेवरचं हे गाव १८ ऑगस्टला गाडलं गेलं, दोनशेहून जास्त लोक, त्यात नृत्यांगना प्रोतिमा बेदी. त्यानंतर अवकाश विभागाने उत्तराखंड आणि हिमाचलचे यात्रामार्ग सॅटेलाइटच्या चित्रांवरून तपासून नकाशे केले. परत तेच बघा, रस्ते. २००४ मध्ये दरडींच्या अभ्यासासाठी जीएसआयला देशाची प्रमुख संस्था नेमलं. २००५ ला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, २००९ ला राष्ट्रीय प्राधिकरणाची दरडींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात देशभरातल्या दरडींची एक सूची असावी हे स्पष्ट लिहिलं गेलं.

त्या दरम्यान आपल्याकडे काय झालं? २००५ च्या जुलैत, आपण इथे उल्हास आणि वालधुनीच्या पाण्यात होतो त्याच दिवसांत, महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या चार गावांवर डोंगर आले. जवळपास दोनशे माणसं गेली. मुंबईच्या पुराच्या बातम्यांत ते बुडून गेलं. रायगडची दरडप्रवण गावांची यादी मुख्यतः त्यानंतरच्या पाहण्यांतून आकाराला आली.

मग ३० जुलै २०१४, माळीण. आंबेगाव तालुका, डिंभे धरणाच्या वरचा भाग. सकाळी डोंगर खाली आला आणि जगाला पत्ताच नव्हता. एसटीच्या चालकाला रोजचं गाव दिसेना, तेव्हा बातमी बाहेर आली. १५१ मृत्यू. नैनीतालचा तोच आकडा. माळीणनंतर कारणांवरून वाद झाला. काहींनी पडकईच्या कामात वापरलेल्या यंत्रांना दोष दिला, तर काहींनी तीव्र उतार आणि पाणी प्यालेल्या मातीला. मला त्या वादात शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की त्या उतारावर आधीच्या पन्नास वर्षांत काय काय हललं होतं याची तारखांसकट नोंद असती, तर वाद आकड्यांवर झाला असता. नोंद नव्हती म्हणून तो मतांवर झाला.

माळीणच्याच सुमारास, २०१४-१५ मध्ये, जीएसआयने राष्ट्रीय दरड संवेदनशीलता मापन कार्यक्रम हाती घेतला. देशाचा बर्फाखालचा भाग सोडून सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन दरडप्रवण मानली जाते. त्यातली नव्वद हजारांच्या आसपास पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत. हे सगळं १:५०,००० या प्रमाणात नकाशावर आणलं. जुन्या अहवालांतल्या, सॅटेलाइटवर दिसलेल्या आणि प्रत्यक्ष फिरून पाहिलेल्या अशा हजारो दरडी एका सूचीत आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने ‘लँडस्लाइड ॲटलास’ काढला. त्यात १९९८ ते २०२२ मधल्या ८०,००० च्या आसपास दरडी आहेत आणि १४७ जिल्ह्यांची क्रमवारी. पहिला रुद्रप्रयाग.

काम प्रचंड आहे, त्यात शंका नाही, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ते काय सांगू शकतं आणि काय नाही हे कळलं पाहिजे.

१:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरची. तालुक्याचं नियोजन करायला, रस्ता कुठून न्यायचा ठरवायला तो नकाशा बरा. अमुक वाडीतली अमुक आळी हलवा, हे तो सांगू शकत नाही. आणि सॅटेलाइटचं म्हणाल तर सह्याद्री त्याच्याशी लपाछपी खेळतो. जून ते सप्टेंबर वर ढग. साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. ढग फाटेपर्यंत लहान दरडीची तांबडी जखम गवताने भरत आलेली असते. दोन पावसाळ्यांत तर तिथे कारवी, रानहळद, काय वाट्टेल ते उगवतं. हिमालयातली उघडी जखम वर्षानुवर्षं दिसते, आपल्याकडची बुजते. आणि दिसली तरी चित्रावरून एवढंच कळतं की मे महिन्यात नव्हती, ऑक्टोबरमध्ये आहे. मधल्या कुठल्या दिवशी, किती वाजता?

तारखेशिवाय अडतं कुठे? इशाऱ्यापाशी. किती पाऊस झाला की दरड सुटते याचा हिशोब काढायचा तर दरडीची वेळ आणि तोपर्यंतचा पाऊस दोन्ही लागतात. नेल केन नावाच्या अभ्यासकाने १९८० मध्ये जगभरातल्या फक्त ७३ घटना घेऊन पावसाचा जोर आणि कालावधी यांचा पहिला जागतिक आलेख काढला. ७३ च का? कारण वेळ आणि पाऊस दोन्ही नीट लिहिलेल्या तेवढ्याच मिळाल्या. आपल्याकडे नोंदी हजारोंनी आहेत, पण त्यातल्या किती अशा कामाच्या असतील याचा तुम्हीच अंदाज करा.

हे सुटण्यासारखं आहे. इटलीचंच बघा. १९८९ मध्ये तिथल्या सरकारने संशोधन परिषदेला काम दिलं की १९१८ पासूनच्या सगळ्या दरडी आणि पूर शोधून काढा. त्यांनी काय केलं? जुने पेपर वाचले. राजधानीतले मोठे पेपर तर वाचलेच, पण जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या स्थानिक पेपरांच्या फायली पानापानाने चाळल्या. गावातल्या बातमीदाराने आतल्या पानावर लिहिलेली चार ओळींची बातमी, ‘अमुक डोंगराची माती रस्त्यावर आली, जीवितहानी नाही’, ती तारखेसकट सूचीत गेली. नासाची दरडींची जागतिक सूचीही बातम्यांवरूनच बनते, पण २००७ पासूनच्या आणि प्रामुख्याने इंग्रजी बातम्यांवरून. आता सांगा, मुरबाड किंवा पोलादपूरच्या कड्याची बातमी इंग्रजीत कधी येते? मेलेल्यांचा आकडा मोठा असेल तेव्हाच. मराठी दैनिकांच्या जुन्या फायली जिथे जिथे शिल्लक असतील तिथे बसून वाचायचं काम एखाद्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांकडून करून घेतलं तर दोन वर्षांत सह्याद्रीची सूची बदलून जाईल, असं माझं मत आहे. खर्च म्हणाल तर एका पुलाच्या रंगरंगोटीएवढा.

दुसरं उदाहरण हाँगकाँगचं, आणि ते आपल्या जास्त जवळचं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी आपल्या निर्वासित छावणीचं नाव उल्हासनगर ठेवलं. त्याच वर्षांत चीनमधून लाखो निर्वासित हाँगकाँगला पोचत होते. आपल्याकडच्यांना सपाटीवरच्या लष्करी बराकी तरी मिळाल्या. तिथल्यांना जागा मिळाली ती उतारावर. १८ जून १९७२ ला एकाच दिवशी दोन दरडी आल्या, साउ मौ पिंगच्या वस्तीत ७१ आणि पो शान रोडला ६७ मृत्यू. १९७६ ला साउ मौ पिंगमध्ये पुन्हा दरड, आणखी १८. १९७७ मध्ये त्यांनी उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय काढलं आणि शहरातला माणसाने कापलेला किंवा भरलेला प्रत्येक मोठा उतार मोजायला घेतला. आज तिथे साठेक हजार उतारांची नोंद आहे. प्रत्येकाला नंबर आहे, त्या नंबरची पाटी उतारावर ठोकलेली असते, आणि देखभाल कुणी करायची हे नोंदीत लिहिलेलं असतं. आपल्या सी-१, सी-२ च्या यादीसारखंच, फक्त डोंगरासाठी. मला विचाराल तर कल्याणच्या नेतिवली-कचोरेच्या टेकडीला, कळवा-मुंब्र्याच्या उतारांना, मलंगगडाच्या पायवाटेवरच्या घरांमागच्या कड्यांना अशा पाट्या पाहिजेत. कचोरेला २०२३ च्या जुलैत, इर्शाळवाडीच्याच आठवड्यात, लोकांना घरं सोडावी लागली होती.

इर्शाळवाडीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १९ जुलै २०२४ ला, कोलकात्यात जीएसआयच्या राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्राचं उद्घाटन झालं. भूसंकेत नावाचं पोर्टल आणि भूस्खलन नावाचं ॲप आलं. त्यानंतर अकरा दिवसांनी, ३० जुलैला, माळीणला दहा वर्षं पूर्ण झाली त्याच तारखेला, केरळात वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं गेली. अडीचशेहून जास्त माणसं. मग इशारा दिला होता की नव्हता यावरून केंद्र आणि केरळ सरकार यांच्यात जाहीर वाद झाला.

त्या वादात एक गोष्ट मागे पडली. वायनाडमध्ये कलपेट्टाच्या ह्यूम सेंटर या स्थानिक संस्थेने जिल्हाभर दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसवून घेतले होते. शेतकरी, शिक्षक, मळ्यातले लोक रोज सकाळी आकडा कळवायचे. त्या आकड्यांवरून संस्थेने आदल्या दिवशीच प्रशासनाला मुंडक्कईच्या धोक्याबद्दल कळवलं होतं. त्याच मुंडक्कईला १९८४ मध्ये दरड आली होती, आणि जवळच्या पुथुमलाला २०१९ मध्ये. म्हणजे या वेळी वही होती, रोजचा आकडाही होता. गोहनाच्या गोष्टीतली तार तेवढी निसटली.

आपल्याकडे निदान आकड्याची बाजू तयार होऊ शकते. बदलापुरात स्वतःच्या गच्चीवर पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस टाकणारी हौशी मंडळी आहेत, आपण सगळे त्यांच्या पोस्ट वाचतो. शहरात किती पडला ते कळतं. चंदेरीच्या पायथ्याला किती पडला ते नाही, आणि डोंगरालगत पाऊस नेहमीच जास्त.

कॅम्प ५ मधल्यांसाठी एक शेवटचा मुद्दा, जो कुठल्याच यादीत बसत नाही. खडी मशीनचं डम्पिंग. धूर आणि वासाबद्दल आपण बोलतो, मोर्चे निघतात. पण कचऱ्याचा ढीग हाही एक उतारच असतो, आणि पावसात तोही सुटतो. घाटकोपरच्या दोन दिवस आधी, १० जुलै २००० ला, फिलिपिन्समध्ये पायाटास इथे कचऱ्याचा डोंगर झोपड्यांवर आला, दोनशेहून जास्त मेले. दिल्लीत १ सप्टेंबर २०१७ ला गाझीपूरचा ढीग घसरला, गाड्या कालव्यात फेकल्या गेल्या, दोघं गेले. भूवैज्ञानिक म्हणणार हा दगड-माती नाही, घनकचरावाले म्हणणार ही दरड नाही. मग लिहायचं कुणी? पावसाळ्यात त्या ढिगाची एखादी बाजू बसली, भिंतीवर आली, तर ती तारीख आज कुठल्याही वहीत जाणार नाही.

म्हणून या पोस्टखाली एक काम करा. मलंगगड, टावली, चंदेरी, नेतिवली, अंबरनाथच्या जुन्या खदानी, खडी मशीन, कुठेही दगड-माती किंवा कचरा सुटलेला पाहिला असेल तर लिहा. कुणाला लागलं नसेल, काही अडलं नसेल, तरी लिहा. किंबहुना तसलंच जास्त हवंय. जागा, साल, महिना, आठवत असेल तर दिवस आणि साधारण वेळ, त्याआधी पाऊस किती दिवस होता. जुना फोटो असेल तर उत्तम, मोबाईलमधल्या फोटोत तारीख असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, त्यांना ‘भूस्खलन’ म्हणून विचारू नका, ‘कडा कधी सुटला होता का’ असं विचारा. महिनाभराने सगळं एका तक्त्यात लावतो आणि तहसील कार्यालयाला, महापालिकेच्या आपत्ती कक्षाला आणि जीएसआयला पाठवतो. पोच आली की इथेच टाकेन. नेवाळी, द्वारली, कुशिवली, मलंगवाडीकडच्या मंडळींना टॅग करा.